लिस्बन चोरीला गेलं तेव्हा

निवृत्तीनंतर कितीतरी गुन्हे विस्मरणात गेले; हा एक जात नाही. तेव्हा मी पेणला प्रभारी अधिकारी होतो. एका सुस्त दुपारी रामवाडीतले एक वयस्क गृहस्थ पुतण्याचा हात धरून ठाण्यात आले. जहाजावर इंजिनियर म्हणून आयुष्य काढलेले, दृष्टी जवळपास गेलेली.

"माझं शहर चोरीला गेलंय," ते म्हणाले.

शहर म्हणजे लिस्बनचा नकाशा. चारेकशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेला. घारीला वरून दिसावं तसं गाव: उतरती छपरं, मनोरे, नदीत शिडाची जहाजं. त्यांच्या दिवंगत पत्नीने तो त्याच शहरात हौसेने घेतला होता. आता दिसत नसलं तरी रोज दुपारी ते त्यावर बोट फिरवत, आणि दोघं पुन्हा त्या गल्ल्यांतून हिंडत.

"काका, नकाशा कपाटात आहे की," पुतण्या हसला.

"तो कागद गुळगुळीत आहे. माझ्या नकाशाची रेघ बोटाला लागते."

हवालदारांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मी तक्रार लिहून घेतली. त्यांच्या घरी जाऊन कपाटातला कागद भिंगाखाली धरला. कोरीव रेघा नव्हत्याच, बारीक रंगीत ठिपके होते. यंत्रावर काढलेली नक्कल.

पुतण्याने लगेच घरकामाच्या बाईंचं नाव घेतलं. त्या जवळच्या गडब गावच्या, नवरा मिठागरावर कामाला. जीप पाठवून त्यांना आणलं, महिला पोलिसासमोर जबाब घेतला.

"मना काय करायचाय तो कागद? मी नाय घेतला, साहेब."

"नकाशा ठाऊक होता?"

"व्हय. काकांचा बोट मीच पहिल्या रस्त्यावर ठेवायची. मग ते चालायचे. कधी कधी मीपण जायची त्यांच्यासंगती."

खोटं बोलणारा समोरच्याचा चेहरा वाचत असतो. या बाई मात्र माझ्यासमोर बसून कुठल्यातरी नदीकाठी उभ्या होत्या.

खबऱ्यांना छपाईची दुकानं धुंडाळायला लावलं. रोह्याहून निरोप आला: जुन्या शहराचं चित्र कुणीतरी जाड कागदावर काढून नेलंय. दुकानदाराने फोटोवरून पुतण्याला ओळखलं. चौकशीत तो आधी चिडला, मग त्याने पाणी मागितलं. पाणी मागणारा माणूस कबुलीच्या जवळ आलेला असतो. नकाशा कोलाडला मित्राच्या घरी गिऱ्हाईकाची वाट पाहत होता. पंचांसमक्ष जप्त केला. पुढे कोर्टाच्या परवानगीने काकांना परत मिळाला.

त्यांनी एवढंच विचारलं, "विकायला काढण्याआधी त्याने तो एकदा तरी नीट पाहिला होता का हो?"

बाई मात्र कामावर परतल्या नाहीत. पोलिसांची जीप त्यांना घेऊन गेलेली साऱ्या गडबने पाहिली होती. संशय दूर झाल्याचं कागदावर आलं, पण कागद गावाला कोण वाचून दाखवणार? गुन्हा उघडकीस आला म्हणजे आपलं काम संपलं, असं त्यानंतर मी कधीच मानलं नाही.

एका सकाळी मी गणवेशातच काकांना घेऊन गडबला गेलो. बाईंच्या अंगणात बसून चहा घेतला. शेजारणी कुंपणाशी जमल्या. काकांनी सर्वांदेखत हात जोडले.

"तुझ्याशिवाय मला रस्ता सापडत नाही गो."

"कुठला रस्ता?" कुंपणापलीकडून कुणीतरी विचारलं.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "नदी हाय मोठी," त्या सांगू लागल्या, "गलबतांनी भरलेली..." आणि शेजारणी एकेक करून अंगणात येऊन बसल्या.