गच्चीवरचा भोपळा

नावड्याच्या ज्या शेतात पुतळाबाई भोपळे लावत, तिथे आता सहा मजली सोसायटी उभी आहे, आणि तिच्याच गच्चीवर, निळ्या पिंपात, त्यांचा भोपळ्याचा वेल. सासूने राखेत जपून दिलेल्या बिया बहुतेक किडल्या; रुजली ती एकच. हा वेल फळला नाही तर ते वाण घरातून जाणार, हे त्या कुणापाशी बोलल्या नाहीत. पण गुडघे कुरकुरत असतानाही दिवसभर गच्चीच्या खेपा चालू.

फुलं भरपूर, फळ मात्र धरेना. काही कळ्या मागे बोराएवढा इवला भोपळा घेऊनच यायच्या. फूल उमलायचं, मिटायचं, की तो पिवळा पडून नुसता हात लागताच गळायचा. पुतळाबाईंनी शेणखत घातलं, मीठ-मिरच्या ओवाळून वेलाची दृष्टही काढली.

एका सकाळी सून नमिता त्यांच्यामागे वर गेली. सासूबाई लांब देठाची, मागे गाठ नसलेली सगळी फुलं खुडून पदरात टाकत होत्या. सासरे वामनराव या फुलांच्या भज्यांवर जीव टाकत.

"आई, सगळीच काढता?"

"मंग? वांझ फुलां ती. त्यांना फल कुठं धरतंय? खायालाच हान."

त्यांच्या सासूनेही हेच शिकवलेलं. नमिताने बेताने सांगितलं, की पराग याच फुलांत असतो. तो गाठवाल्या फुलात पोचला तरच ती गाठ, म्हणजे फुलाचा अंडाशय, फुगून भोपळा होतो. शेतात वेलांचं रान होतं, मधमाश्या होत्या, कितीही फुलं खुडली तरी उरायची. इथे वेल एकटा.

पुतळाबाई पिंपाला टेकून राहिल्या. "म्हंजे भोपला मीच खाल्ला गो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका लांब देठाच्या फुलाच्या पाकळ्या सोलल्या आणि आतला पिवळा दांडा गाठवाल्या फुलात हलकेच फिरवला. खाली वामनरावांनी ताटात भजी नाहीत म्हणून कुरकुर केली, तर, "जिभेला जरा दम धरा," म्हणून गप्प केलं.

ती गाठ पिवळी पडली नाही. लिंबाएवढी झाली, मग नारळाएवढी. सुकलेलं फूल तिच्या टोकाला तसंच चिकटून. कोवळा आहे तोवर भाजी करा, असं शेजारणीने सुचवलं. पुतळाबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी करून वेलावरचा भोपळा न तोडता कठड्याच्या गजाला टांगला.

"बी जून होऊं दे," त्या म्हणाल्या, "मंग बघू."