पिंजाऱ्याच्या ओट्यावर सरळ बोलायला दंड

टंय्... टंय्... धुम्म. इमामचाचाच्या कमानीचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं. चाचा जवळा बाजारचा पिंजारी. त्या कमानीनं कापूस पिंजायचा, गाद्या भरून द्यायचा. आपला कापूस होईपर्यंत माणसं त्याच्या ओट्यावर बसायची, आणि माणूस बसला की बोलणारच. मूठभर कापूस पिंजला की खोली भरते, तशा त्या ओट्यावरच्या गोष्टी. आता ओटा नाही, माणसं नाहीत. गोष्टी मात्र फुगत चालल्यात.

ओट्याचा एक कायदा होता. तिथं सरळ बोलायचं नाही! "ऊन लई हाये" असं कुणी म्हणालं की बाकीचे विचारणार, "कसं?" उपमा देता आली तर ठीक, नाही तर दंड. बैलांच्या डोणीत घागरभर पाणी आणून ओतायचं. विहीर लांब होती. त्यामुळे गाडीवान कोंडिबा, तुळशीराम तेली आणि मी, तिघंही हळूहळू कवी झालो. शाळा माझी दुसरीपर्यंतच. पुढचं सगळं शिक्षण तिथं, पाणी वाहून!

चाचाला स्वतःसाठी फार काही नको होतं. मरेपर्यंत याच ओट्यावर कमान वाजावी, एवढंच तो म्हणायचा.

*

एकदा चैतात तुळशीराम घामानं भिजून आला. "ऊन तव्यासारखं हाये," म्हणाला.

चाचा मान वर न करता म्हणाला, "तवा जुना झाला. सगळं गाव त्याच्यावर भाजून ऱ्हायलंय. नवं सांग, न्हाई तं घागर उचल."

तुळशीरामनं घागरीकडं पाहिलं, लांबच्या विहिरीकडं पाहिलं आणि म्हणाला, "ऊन सासुरवाडीसारखं हाये. बसवत न्हाई, अन् उठून जाता येत न्हाई!"

चाचाची कमान थांबली. "माफ!"

*

कोंडिबाचा एक बैल होता, ढवळ्या. "माझा ढवळ्या भावासारखा," असं तो येताजाता म्हणायचा.

एक दिवस चाचा म्हणाला, "'सारखा' म्हणलास की मधी फट ऱ्हाती, कोंडिबा. बैल अल्लग, भाऊ अल्लग. ती फट बुजव. ढवळ्या माझा भाऊच हाये, असं म्हण. मंग बघ कसं लागतं काळजाला."

कोंडिबानं डोकं खाजवलं. "पर चाचा, भाऊच म्हणलं तं उद्या वाटणी मागंल की त्यो!"

ओटा हसून हसून लोळला. त्याच पावसाळ्यात ढवळ्या रोगानं मेला. कोंडिबा चार-पाच दिवस दिसला नाही. आला तो डोकं भादरून.

टोपी सारखी करत तो म्हणाला, "न्हाई मागितली त्यानं वाटणी."

*

राबियाचाची गेली तेव्हा दफन करून आम्ही चाचाला ओट्यावर आणून बसवलं. औंढ्याहून त्याचा एक मेहुणा उशिरा पोचला होता. त्यानं विचारलं, "कैसी थी आपा, आखिर में?"

आम्ही सगळे चाचाच्या तोंडाकडं बघत राहिलो. जन्मभर लोकांच्या उपमा तपासणारा माणूस. आता असं काही बोलेल की गाव विसरणार नाही, असं आम्हाला वाटलं.

"भाकर चांगली करायची," चाचा म्हणाला.

मग उठला आणि घागर घेऊन विहिरीकडं निघाला. तुळशीरामनं हात धरला, "चाचा, आज ऱ्हाऊ द्या की!"

"कायदा सगळ्याला बराबर," चाचा म्हणाला. त्यानं पाणी आणून ओतलं. बैलही नव्हते त्या दिवशी डोणीवर.

पुढं चाचाचा हैदराबादला राहणारा मुलगा सारखे निरोप पाठवायचा, आमच्याकडं या. चाचाचं उत्तर ठरलेलं. "तुझी आई हितं हाये. मी काहून येऊ?"

*

मग ते वाईट दिवस आले. आधी निजामाच्या माणसांना आमची घरं भ्याली, मग फौज आल्यावर चाचासारख्यांची. ओट्यावर माणसं कमी झाली. जी यायची ती जपून बोलायची, "कसं काय, बरं हाये ना," एवढंच. सरळ बोलणं झालं तरी कुणी कुणाला दंड करेना.

तुळशीराम एकदा म्हणाला, "तरी आपलं गाव बरं, चाचा. कोण कुणाला वाकडं बोललं का? उलट सगळे गोड बोलून ऱ्हायले."

चाचा कमानीच्या ताणलेल्या तातीवर बोट फिरवत होता. "तात तुटायच्या आधी लई गोड वाजती," म्हणाला.

*

निजामाचं राज्य गेलं त्या साली दिवाळीच्या सुमाराला आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. शेजारची दोन घरं रिकामी झाली होती. चाचा आतून आला, पण कामाला बसला नाही. आमच्यासमोर उभा राहिला.

"ल्योक परभणीच्या ठेसनावर येऊन थांबलाय. घरी याया भितो त्यो. आज चला म्हणतो." मग म्हणाला, "माझं मन हितं हाये. तिघांला इचारतो. मी ऱ्हाऊ का जाऊ?"

कमान त्याच्या खांद्यावरच होती.

कोंडिबा चाचाचा सगळ्यात जवळचा. त्याचे डोळे भरून आले. मग तो हळूच म्हणाला, "चाचा, नदीला कुणी ऱ्हा म्हणतं का, कुणी जा म्हणतं का? काठ आपला ओला ऱ्हातो, बस."

तुळशीरामच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वा!"

चाचा तसाच उभा होता. त्यानं कोंडिबाकडं पाहिलं. तुळशीरामकडं पाहिलं. माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. रस्त्यानं एक गाडी गेली, तिची धूळ खाली बसली, तरी तो एका सरळ शब्दाची वाट बघत होता.

मग त्यानं कमानीची तात सैल केली, ओट्याची पायरी उतरला आणि परभणीच्या वाटेला लागला.