माझ्या कुंपणातून गेलेली रेघ

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्याइतका हट्टी माणूस शहापूर-मुरबाडात दुसरा नाही अशी माझी खात्री होती. ती माझ्या व्याह्यांनी मोडली, याचा राग मला आजही आहे. राग असला तरी मी त्यांना 'ते'च म्हणतो. लेकीच्या सासऱ्याला अरेतुरे करायची आमच्यात रीत नाही, नाहीतर या माणसाला जे जे म्हणावंसं वाटलं ते लिहायला माझी चौथीची शाळा पुरली नसती.

ते धसईचे, भातशेती करणारे. गुडघे गेले तेव्हा जावयाने त्यांना आमच्या गावी, वाशिंदजवळच्या नव्या बिल्डिंगीत आणून ठेवलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे गेलेल्या बापाला तिसरा मजला, ही आमच्या जावयाची अक्कल. व्याही उजाडताच खाली उतरायचे ते दिवेलागणीलाच वर जायचे. दिवसभर मुक्काम खळवाडीत. खळवाडी म्हणजे ती बिल्डिंग आणि आमची जुनी आळी यांच्या मधली मोकळी जागा. पूर्वी सगळ्या आळीची खळी तिथे पडायची, आम्ही भात झोडायचो. आता पोरं क्रिकेट खेळतात. मोकळी जागा दिसली की या माणसाचा हात खिशात जायचा आणि काथ्याचा एक दोर बाहेर यायचा, दर हातावर गाठ मारलेला. पोरांच्या लग्नात त्यांनी पंगतीच्या दोन रांगांमधलं अंतर मोजलं आणि वाढप्याचा पाय अडेल म्हणून माझ्याकडच्या साठ माणसांना पानासकट मागे सरकवलं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्या वर्षी खळवाडीत बाग करायची म्हणून पंचायतीकडून एक साहेब नकाशा घेऊन आले. चारी बाजूंनी भिंत, रस्त्याकडे एक गेट, मधे कारंजं. सभेत सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, नकाशा सुलटा धरलाय की उलटा हे मला कळत नव्हतं, पण तसं सांगणार कोण? व्याही उठले आणि म्हणाले, कागदावर चालून बघता येत नाही. आमच्याकडे खळं घालायचं तर आधी जागेवर राखेची रेघ ओढतो, चार दिवस बायामाणसांना वावरू देतो, कोणाचा पाय कुठे अडतो ते बघतो, आणि मग जमीन चोपतो. ही बागही आधी राखेने काढू. साहेब हसले. काढा म्हणाले, पंधरा दिवसांनी येतो. पण कडेच्या एकाही घराची हरकत निघाली तर मग माझा कागदच चालणार.

झालं. माणूस घमेलं घेऊन दारोदार राख मागत फिरायला लागला. बिल्डिंगीत सगळा गॅस, तिथे राख कुठली? सगळ्यात जास्त राख माझ्या घरची, कारण आमची ही अजून चुलीवर भाकरी भाजते. आधी त्यांनी साहेबांचा नकाशा जसाच्या तसा जमिनीवर उतरवला आणि बघत बसले. जिथे पाय रेघ पुसतील तिथे भिंत नको, वाट हवी, असा त्यांचा हिशेब. दळणाला जाणाऱ्या बायांनी दोन दिवसांत भिंत पुसली. कारंजं तर पोरांनी एका सकाळी संपवलं. रोज संध्याकाळी व्याही पुसलेली रेघ हलवायचे. बाकडी कुठे हवीत ते अंडीवाल्यापासून बिल्डिंगीतल्या मॅडमपर्यंत सगळ्यांना विचारलं, मला तेवढं विचारलं नाही. एकदा घरातली प्लास्टिकची खुर्ची खाली आणून भर दुपारी मैदानात बसले, झाडाची सावली कुठवर येते ते बघायला. वरून माझी लेक ओरडत होती, "मामा, वर या, भोवळ येईल." खालून उत्तर, "थांब गो, अजून दोन हात सरकायचीय ती."

मग एका सकाळी रेघ माझ्या अंगणात आली. आता खरं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी माझं काटेरी कुंपण तीन हात खळवाडीत सरकवलं होतं. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, मी कोणाला बोलू दिलं नव्हतं. त्या कोपऱ्यावर वाट चिंचोळी होते आणि म्हाताऱ्या माणसांना डंपरच्या रस्त्यावर उतरावं लागतं, हेही ठाऊक होतं. व्याह्यांनी रेघ कुंपणापर्यंत आणली आणि कुंपण जणू नाहीच अशी पलीकडे, माझ्या सारवलेल्या अंगणातून शेवग्यापर्यंत नेली. माझ्याच चुलीच्या राखेने! मी खराट्याने पुसली. दुसऱ्या दिवशी रेघ हजर. पुन्हा पुसली. असं नऊ सकाळी चाललं. आमची ही त्यांच्यासाठी राख वेगळी काढून ठेवत होती, हे मला मागाहून कळलं. आमचं बोलणं बंद झालं. तुझ्या सासऱ्याला सांग, तुझ्या बापाला सांग, असे निरोप लेक वर-खाली नेत होती. शेवटी म्हणाली, तुमच्या दोघांपायी आता माझे गुडघे जातील.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी व्याही पिशवी घेऊन माझ्या ओट्याशी उभे राहिले.

"धसईला चाललो," म्हणाले. "सहाची एसटी धरतो."

"उद्या साहेब यायचाय," मी म्हटलं.

"म्हणून तर. मी समोर असलो तर तुमी माझ्याशी भांडाल, जागेचं राहून जाईल."

मी सांगितलं, नऊदा पुसली, दहाव्यांदाही पुसीन.

"पुसा. पायानं पुसलेली रेघ मी हलवली, व्याही. खराट्यानं पुसलेली नाय हलवत."

हिने दिलेलं पाणी प्यायले, खिशातला दोर ओट्यावर ठेवला आणि निघाले. माझ्या कुंपणाच्या कोपऱ्यावर त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. डंपर येत होता. तो जाईपर्यंत ते अंग चोरून, एका हाताने माझ्या कुंपणाचा काटेरी दांडा धरून उभे राहिले. मग हात धोतराला पुसला आणि गेले. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मला रागावणं सोपं गेलं असतं.

ते काही परत आले नाहीत. तिकडचं घर जमिनीवर आहे, पायऱ्या नाहीत. लेक सांगते, आता देवळापुढची जागा मोजतायत. दोर नाही म्हणून जुन्या साडीची पट्टी फाडून तिला गाठी मारल्यात. दोर माझ्या खुंटीला आहे. मी नेऊन देणार नाही. हवा असेल तर त्यांनी यावं, दोन दिवस राहावं आणि न्यावा.

ते गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चुलीतली राख घमेल्यात भरली. अंगणातून रेघ ओढली, ती वाकडी आली, तशीच ठेवली. मग कोयता घेतला आणि कुंपण तोडायला लागलो. साहेब आले तेव्हा मी काटे ओढत होतो. मग कुंपणाच्या जागेपासून रेघेपर्यंत व्याह्यांचा दोर लावून बघितला. इतकी वर्षं मी तीन हात समजत होतो, निघाले चार. चारही मागे घेतले.