डिकीतला ढोल

राहुरीच्या पेठेत चांदभाईंचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. आसपासच्या गावांत लग्न असो, कुस्त्यांचा फड असो, की पुढाऱ्याची सभा, भोंगा चांदभाईंचाच. वीस वर्षं त्या भोंग्यांशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान पार कामातून गेला होता. स्वतःचा आवाज मात्र इतका बारीक, की गिऱ्हाइकाला वाकून ऐकावं लागे.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत मच्छिंद्र त्यांच्या दुकानापुढे अँबॅसिडर घेऊन उभा राहिला. प्रवरेच्या कालव्याखाली त्याचा चांगला बारा एकर ऊस होता, आणि नगरच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी त्याने नुकतीच घेतली होती.

"चांदभाई, गाडीत रेडू हाय, पन डास गुणगुणल्यावानी वाजतो. नगरच्या थेटरात ढोल वाजला की कसं पोटात हादरतं? तसं पायजे मला."

"गाडीत?"

"गाडीत! बसणाऱ्याच्या बरगड्या वाजल्या पायजेत."

असलं काम चांदभाईंनी बापजन्मात केलं नव्हतं. पण नाही म्हणायचीही त्यांना सवय नव्हती. बंद पडलेल्या एका तंबू टॉकीजचा बारा इंची स्पीकर त्यांनी तीन वर्षं मेणकापडात जपून ठेवला होता. तो बाहेर आला. बारा व्होल्टवर चालणारा ॲम्प्लिफायर त्यांनी पुण्याहून मागवला. खोक्यासाठी ते पुंजाराम सुताराकडे गेले आणि दीड बोट जाड फळी सांगितली.

"एवढी जाड? आत काय वाघ ठिवायचाय का?" पुंजारामने विचारलं.

"आवाज ठेवायचाय. पातळ फळी असली की फळीच बोलते, स्पीकर राहतो बाजूला."

खोक्याच्या आत कापूस भरायचा होता. तो घरातल्या एका रजईतून निघाला. त्यांची बायको बिबीजान ती रजई पुढं आठ दिवस शोधत होती, आणि चांदभाईही तिच्याबरोबर शोधत होते.

जोडणीला दोन दिवस गेले. खोकं डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला भिडवून बसवलं. ॲम्प्लिफायर पुढच्या सीटखाली गेला. बॅटरीपासून जाड वायर ओढली. इंजिन चालू केलं, तर गाण्याऐवजी कुत्र्याचं पिल्लू केकाटल्यासारखा आवाज. डायनामोचा तो आवाज कंडेन्सर लावून बंद केला. मग ढोलकी लागली आणि नंबरप्लेट थडथडायला लागली. ती आवळली, तर डिकीचं झाकण. ते दाबलं, तर चाकाची टोपी. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चांदभाईंनी सगळी गाडी आतून शिवल्यासारखी केली. शेवटी त्यांनी मागच्या सीटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली. कानावर त्यांचा भरवसा राहिलेला नव्हता. तपासायचं ते हातानेच.

गाडी वस्तीवर पोचली तेव्हा सगळी भावकी जमली होती. मच्छिंद्रची आई, मनकर्णाबाई, तेवढी ओट्यावर पाठ करून बसली होती. पंधरा वर्षांपूर्वी तापात तिचे दोन्ही कान गेले होते, आणि गाडी आल्यापासून ती लेकावर रुसली होती. या डबड्यात आपण बसणार न्हाई, असं तिने जाहीर केलं होतं.

मागच्या सीटवर वजन पडलं तर आवाज दबतो का, हे चांदभाईंना बघायचं होतं. सगळे गाडीच्या तोंडाशी गर्दी करत होते, मागं बसायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी म्हातारीला हातानेच खुणावलं. परका माणूस विनवतोय म्हणून ती कुरकुरत उठली आणि बसली.

रेडिओच्या पुणे स्टेशनवर लोकगीतं लागली होती. चांदभाईंनी बटण फिरवलं.

म्हातारी एकदम ताठ झाली. तिने सीटवर दोन्ही हात टेकले.

"संबळ हाय ह्यो," ती म्हणाली. "कोन वाजवतंय?"

तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली, आणि तो बरोबर होता. जरा वेळाने मच्छिंद्रने हाताने खुणा करून सांगितलं, आई, उतर, गावात चक्कर मारून येतो.

"तू जा की चालत," म्हातारी म्हणाली.

तिथून गाडी आईची झाली. रोज दुपारी ती चंची घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसे. बॅटरी उतरे, गाडी चालू होईना. दारात अँबॅसिडर असून मच्छिंद्र तारखेला नगरच्या कोर्टात एसटीने जाऊ लागला. तीन आठवड्यांनी तो दुकानात आला.

"काढा ते सगळं. गाडी हाय का देऊळ, तेच कळंना."

चांदभाई पाने-पक्कड घेऊन गेले. म्हातारीने आतून दार लावून घेतलं आणि काच तेवढी खाली केली.

"चांदभाऊ, पंधरा वर्सं मी ह्या घरात नुसती तोंडं हालताना बघतीय. हसत्यात का भांडत्यात, ते बी कळत न्हाई. आत्ता कुठं काय तरी आत शिरलंय. हात लावलास तर मीबी डिकीत जाऊन बसंन!"

चांदभाईंनी आपला डावा कान चोळला. मग गाडीला एक फेरी मारली, थोडा वेळ चाकापाशी बसून राहिले. उठले ते मागच्या सीटचे बोल्ट सोडवायलाच.

"सीट कशाला काढताय?" मच्छिंद्र ओरडला.

"सीटशिवाय त्यांना ऐकू कसं येणार?"

खुणांनी समजूत पटल्यावर म्हातारी खाली उतरली. संध्याकाळपर्यंत ओट्यावर अँबॅसिडरची मागची सीट, तिच्या पाठीला खोकं, शेजारी ॲम्प्लिफायर, रेडिओ आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी अशी मांडणी झाली. गाडी मोकळी झाली. तिच्यात आता आवाजही नव्हता आणि बसायला जागाही नव्हती. मच्छिंद्रने मागं पाचटाची पोती टाकली. पाहुण्यांना तो म्हणे, "पुढंच बसा, मागं काम चालू हाय."

दर गुरुवारी चांदभाई चार्ज केलेली बॅटरी सायकलवर लादून वस्तीवर जात आणि घटकाभर म्हातारीशेजारी त्या सीटवर टेकत. सुरुवातीला तिला सगळंच गोड लागे. दोन महिन्यांत ती नावं ठेवू लागली. एका गुरुवारी तिने चांदभाईंच्या हातात पोस्टकार्ड दिलं.

"लिही पुण्याला. म्हणावं, तुमचा ढोलकीवाला लई घाई करतो. त्याला म्हणावं, जरा दमानं घे."

चांदभाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली मनकर्णाबाईंचा अंगठा घेतला आणि कार्ड पेटीत टाकलं. उत्तर काही आलं नाही. पण पुढच्या गुरुवारी म्हातारीने सीटवर हात ठेवून समाधानाने मान डोलावली.

"बघ," ती म्हणाली, "सुधारला."