ज्यात कुणी मरत नाही अशी पाच पुस्तकं

भाईंदर पूर्वेला, खारी गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर आमचं तळमजल्याचं घर होतं आणि त्याच्या पुढच्या खोलीत मी लायब्ररी चालवायचे. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा एवढ्या जागेचं करायचं काय, असा प्रश्न पडला होता. नवरा म्हणाला, तुझी पुस्तकं एका भिंतीला लाव. एका भिंतीच्या तीन भिंती कधी झाल्या ते कळलंच नाही.

मे महिना माझा सगळ्यात धावपळीचा. एरवी एका कार्डावर एक पुस्तक आणि एक मासिक असा नियम होता, पण सुट्टीवर जाणाऱ्यांना मी पाच पुस्तकं एकदम कापडी पिशवीत घालून देत असे. सगळ्यांची मागणी एकच असायची, काहीतरी हलकंफुलकं द्या. आणि प्रत्येकाचं हलकंफुलकं वेगळं. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना भुताच्या गोष्टी वाचून बरं वाटायचं. महापालिकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रत्नागिरीला जाताना लढायांचा जाडजूड इतिहास न्यायचे आणि परत आणून देताना, छान करमणूक झाली, म्हणायचे. शेजारच्या गुजराती वहिनी लोणच्यांचं पुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायच्या. मला या बाबतीत थोडा गर्वच होता. माणूस दारात चपला काढेपर्यंत त्याला काय द्यायचं ते माझ्या डोक्यात तयार असायचं.

दोन हजार तीन किंवा चारचा मे असेल. एक गृहस्थ बायकोचं कार्ड घेऊन आले. पंचेचाळिशीचे, खिशाला दोन पेनं लावलेले, जरा संकोची. कार्ड बघितल्यावर त्यांची बायको मला आठवली. भल्याथोरल्या कादंबऱ्या न्यायची आणि चार दिवसांत परत आणायची. पण दीड वर्षात ती फिरकली नव्हती.

स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. हिची आई, म्हणजे त्यांच्या सासूबाई, अंथरुणाला खिळल्या, तेव्हा हिने त्यांना आपल्याकडे आणलं. नोकरी सोडली. दोन खोल्यांच्या घरात सव्वा वर्ष हिने आईचं सगळं केलं, आणि जानेवारीत त्या गेल्या. तेव्हापासून ही पुस्तक उघडते, दोन पानं वाचते आणि मिटून ठेवते. आईबद्दल एक अक्षर बोलत नाही. आता त्यांच्या ऑफिसातल्या एका ख्रिश्चन मित्राने उत्तनजवळच्या डोंगरीतल्या आपल्या घरातली एक खोली दहा दिवसांसाठी देऊ केली होती. ती यायला तयार झाली, पण बॅगेत एकही पुस्तक ठेवलं नाही. तेव्हा तेच आले होते.

"मला पुस्तकांतलं काही कळत नाही," ते म्हणाले. "काहीतरी आनंदाचं द्या. फक्त एक बघा, त्यात कुणी मरायला नको."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी कपाटाकडे वळले आणि मग माझी पंचाईत झाली. भल्याथोरल्या कादंबऱ्यांचा प्रश्नच नव्हता. आत्मचरित्रांत दुसऱ्याच प्रकरणात वडील जायचे. ललित लेखांत आजी. विनोदी पुस्तकं चाळली, तर मधेच एखादा लेख दिवंगत मित्रावर. प्राण्यांवरची पुस्तकं काढली आणि परत ठेवली, कारण त्यात शेवटी कुत्रा जातोच. रहस्यकथेत तर पहिल्याच पानावर खून.

तो शेवटचा मुद्दा मी त्यांना बोलून दाखवला. ते विचार करून म्हणाले, पहिल्या पानावरचा मेलेला चालेल कदाचित, आपली ओळख झालेली नसते. पण मला धोका पत्करायचा नव्हता. मी त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं आणि दुपारभर जमिनीवर पुस्तकं पसरून बसले. मी नेमकी कशाला बसले आहे हे ऐकून माझ्या सासूबाईंनी चहाच्या वेळी एक पुस्तक स्वतः तपासून दिलं.

शेवटी पाच निघाली. साठीच्या चार मैत्रिणींच्या हिमालयातल्या सहलीचं पुस्तक. एका खवय्याच्या खाण्यापिण्याच्या आठवणी. एक रहस्यकथा, ज्यात फक्त हार चोरीला जातो आणि तोही सापडतो. घर बदलताना उडालेल्या गोंधळाची एक छोटी कादंबरी. आणि कोकणातल्या एका गावच्या नाटकमंडळींची कादंबरी. ही शेवटची मी गिरगावात असताना वाचली होती आणि इतकी हसले होते की शेजारीण विचारायला आली होती. ती मी उघडूनसुद्धा बघितली नाही.

संध्याकाळी ते आले. पिशवी हातात घेताना त्यांनी विचारलं, "सगळे शेवटपर्यंत जिवंत ना?"

"सगळे," मी म्हटलं.

सहाव्या दिवशी आमच्या सभासद असलेल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या आणि त्यांनी नेमकी तीच नाटकमंडळींची कादंबरी मागितली. मी म्हटलं, ती बाहेर गेली आहे, सुट्टीवर गेलेल्या एका बाईंकडे. त्या म्हणाल्या, अगदी योग्य पुस्तक दिलंत, काय हसवलंय त्यात. आणि मग दुसरंच एक पुस्तक चाळता चाळता सहज बोलून गेल्या, "मात्र त्या प्रॉम्प्टर बाईची आई जाते ना, ते प्रकरण वाचवत नाही हो. मी दोनदा पुस्तक खाली ठेवलं."

एका क्षणात मला ते सगळं प्रकरण आठवलं. अंथरुणावरची म्हातारी, तिच्या उशाशी बसलेली लेक, औषधाची बाटली, सगळं. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात फक्त हसणं राहिलं होतं.

त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, तेव्हा सगळ्यांकडे आला नव्हता. घरचा फोन नुसता वाजत राहिला, तो वाजणारच होता. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, एव्हाना तिचं वाचून तरी झालं असेल, नाहीतर तिने पुस्तकाला हात तरी लावला नसेल, तू जाऊन काय करणार. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण माझा डोळा लागेना. तो माणूस किती विश्वासाने 'सगळे शेवटपर्यंत जिवंत ना' म्हणून विचारून गेला होता.

सकाळी दारावर 'आज लायब्ररी बंद' अशी चिठ्ठी लावली आणि निघाले. बदली म्हणून एक पुस्तक घेतलं, मुलांसाठी लिहिलेलं, जंगलातल्या सहलीचं. त्यातली सगळ्यात मोठी दुर्घटना म्हणजे एकाचा बूट ओढ्यात वाहून जातो. या वेळी मी ते रात्री पूर्ण तपासून घेतलं होतं.

पूल ओलांडून पश्चिमेला गेले आणि डोंगरीची बस पकडली. मिठागरं मागे पडली, तशी काय बोलायचं त्याची मी मनात उजळणी सुरू केली. सांगायचं की ती प्रत दुसऱ्या कुणीतरी आधीच मागून ठेवली होती, चुकून तुमच्याकडे आली. खोटं होतं, पण सरळ होतं. तिने वाचलं नसेल, तर काहीच न कळता पुस्तक परत येईल. आणि वाचलं असेल तर? त्याचं उत्तर बस डोंगरीला पोचली तरी सापडलं नव्हतं.

दुकानात विचारून घर शोधलं. उतरत्या कौलांचं जुनं घर, अंगणात सुकत घातलेली मिरची, आणि ती राखत बसलेली एक म्हातारी. ही त्या मित्राची आई. भाईंदरहून राहायला आलेल्या बाई इथेच आहेत का, असं मी विचारलं.

"हाय ना. मागं बसलीय पुस्तक घेऊन," ती म्हणाली. "उन्हात का उभी? ये आत."

पुस्तक घेऊन. मी घाईने मागे गेले. मागच्या ओट्यावर, ताडांच्या सावलीत, ती खुर्चीत पाय वर घेऊन वाचत बसली होती. हातात खवय्याचं पुस्तक होतं. नाटकमंडळींची कादंबरी बाजूच्या कट्ट्यावर मिटून पडली होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं, पण आधी तिने दुसरी खुर्ची ओढली. मी बसले, घाम पुसला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. ती प्रत दुसऱ्यांची होती, ती घेऊन जाते, बदली हे आणलंय.

तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही त्या आईच्या प्रकरणासाठी आलात का?"

खोटं बोलणं मला नाहीच जमलं. मी म्हटलं, हो, मी विसरलेच होते, तुमच्या मिस्टरांनी बजावून सांगितलं होतं आणि तरी माझ्या हातून हे झालं. मला माफ करा.

"ते मी परवाच वाचलं," ती म्हणाली. "सुरुवातीला वाटलं, मिटून टाकावं. पण मग मला रागच आला. त्या लेखकाने आयुष्यात कुणाची सेवा केलेली नाही. ती म्हातारी मरताना दीड पान बोलते, सगळं व्याकरणशुद्ध. लेकीला उपदेश करते, झाडांबद्दल बोलते." तिने हातातलं पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. "माझी आई शेवटचं काय बोलली माहितीये? पंखा बंद कर, बिल येईल."

आणि ती हसायला लागली. मला हसावं की नाही कळेना, पण तिचं हसू इतकं खरं होतं की मीही हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने पदराने टिपलं आणि पुन्हा हसली.

मग तिने बाकीचं सांगितलं. ते प्रकरण तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, चुका काढत काढत. इथे औषधाची वेळ चुकलीय, इथे उशी कोण बदलणार, एवढं बोलायला तिला दम कुठून आला. असं करता करता दोघं आईबद्दल बोलायला लागले. आई शेवटी शेवटी जावयाला कंडक्टर समजून तिकीट मागायची. एकदा तिने हट्टाने भेळ खाल्ली होती. जानेवारीपासून यातलं काहीच त्यांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. विषय काढला तर ती उठून जाईल, या भीतीने तो गप्प होता. आणि तो गप्प आहे म्हणून ती.

बसमध्ये बसल्यापासून मी पिशवीचे बंद मुठीत धरून ठेवले होते, ते तेव्हा सुटले. तळव्यावर वळ उठले होते.

थोड्या वेळाने तिचा नवरा मित्राच्या वडिलांबरोबर उत्तनचं बंदर बघून आला. मला ओट्यावर बघून त्याचा चेहरा उतरला. तो मला बाजूला घेऊन विचारायला लागला, काही गडबड झाली का. मी चूक सांगितली. तो हसला. म्हणाला, "तिने मला ते वाचून दाखवलं. मी शाळेनंतर पहिल्यांदाच कुठल्या पुस्तकातलं काही ऐकलं."

म्हातारीने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. परतीची बस चार वाजता होती. तोवर काय करायचं म्हणून मी उगाच अंगणात घुटमळायला लागले, तर आमच्या त्या सभासद बाईने मला हाक मारून बसवलं. "हे खवय्याचं घ्या," ती म्हणाली. "मला मधून मधून वाचलं तरी चालतंय. मासळीबाजाराचं प्रकरण इथे बसूनच वाचायला पाहिजे."

तिने स्वतः बूट वाहून जाणारं पुस्तक घेतलं. मी वाचायला लागले, आणि सवयीप्रमाणे पहिलं पान झाल्यावर शेवटचं उघडलं. लायब्ररी काढल्यापासून मी पुस्तकं अशीच बघत आले होते, दोन्ही टोकं आणि मधलं थोडं, कुणाला द्यायचं ते ठरवण्यापुरतं. त्या दुपारी मी परत दुसऱ्या पानावर आले आणि तिथून पुढे वाचत गेले. त्या खवय्याचा बाजारात कोळणीशी घासाघीस करण्याचा प्रसंग मी दोनदा वाचला. हे पुस्तक कुणाला आवडेल, याचा मी एकदाही विचार केला नाही. मधे म्हातारीने ताडगोळे आणून ठेवले. आम्ही दोघी वाचत राहिलो. तिचं पान उलटल्याचा आवाज येत होता, माझा तिला येत असेल.

निघताना तिने पाचही पुस्तकं ठेवून घेतली, शिवाय बूटवालंही. नाटकवाली आणखी एकदा वाचायची आहे, म्हणाली. बसमध्ये मला खिडकी मिळाली. वारा चेहऱ्यावर घेत मी डोळे मिटले, ते एकदम वाटेतलं मुर्धा गाव मागे पडल्यावर उघडले.

घरी पोचले, तर चिठ्ठी वाचूनही दोघं तिघं दाराशी थांबले होते. त्या निवृत्त शिक्षिकाही होत्या. आज अचानक बंद कशी, सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी काळजीने विचारलं. मी कुलूप काढलं, त्यांना आत घेतलं आणि म्हातारीने डब्यात भरून दिलेले उरलेले ताडगोळे त्यांच्यापुढे ठेवले.

"सुट्टीवर गेले होते," मी म्हटलं.