दसऱ्याला पाहिलेलं घर

माझी आई लेकीकडे राहायला तयार नव्हती. वडील गेल्यावर ती गोंदियाजवळच्या आमच्या गावी एकटीच राहायची, आणि मी तिची एकुलती एक. मी रायपूरला सरकारी कचेरीत, नवरा बँकेत, आणि राहायला भाड्याच्या दोन खोल्या. ये म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "जावयाच्या भाड्याच्या घरात मी काहून राहू? तुया नावाचं घर होऊ दे, मंग येतो." वर आणखी एक अट होती. घराला गच्ची पाहिजे. उन्हाळ्यात कुरडया-मुगवड्या घालायला आणि थंडीत पाठ शेकायला. आईला आणायचं म्हणूनच आम्ही घर शोधायला लागलो, नाहीतर भाड्याच्या खोल्यांत आमचं बरं चाललं होतं.

आमच्या ऐपतीचं घर म्हणजे शहराच्या कडेला जाणं आलं. कोणत्या कडेला, एवढाच प्रश्न होता. अभनपूर रोडला एक छोटं घर आम्हाला फार आवडलं. दोन खोल्या, वर गच्ची, मागे धानाची शेतं. मालक आपल्याकडचेच, निवृत्त मास्तर, मुलाकडे नागपूरला निघालेले. मराठी माणसाला घर द्यायचं म्हणून त्यांनी भावही फार ताणला नाही. आता आईने एकदा बघावं आणि होकार द्यावा, म्हणून मी तिला गावाहून बोलावून घेतलं.

ती आली तोवर पितृपक्ष लागला होता. आम्ही ऑटोतून उतरलो, मी फाटक उघडलं, आणि आई बाहेरच थांबली.

"पितरपाट लागला ना बाई. आता घर पाहत नसतात."

"आई, घ्यायचं नाही आहे आज. नुसतं बघ."

"पाहणं बी नाही."

मास्तरांच्या बायकोने बिचारीने पाण्याचा तांब्या फाटकाशी आणून दिला. आई तिथेच उभ्याने पाणी प्यायली, तिने त्यांच्या तुळशीचं कौतुक केलं, गुडघेदुखीची चौकशी केली, पण पाऊल काही आत टाकलं नाही. मास्तर म्हणाले, दुसरं एक गिऱ्हाईक मागे लागलंय, आम्हालाही घाई आहे. नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी आईकडे. मला तिचा असा राग आला होता की परतताना मी तिच्याशी बोललेच नाही. पण जिला हातापाया पडून राहायला बोलवायचं, तिच्याच मनाविरुद्ध घर कसं घेणार? नवरात्र बसल्यावर नवऱ्याने फोन केला, तेव्हा घर गेलं होतं. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला पितरांची काही अडचण नव्हती.

मग आला दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक, म्हणून आई सकाळपासून उत्साहात होती. दलालाने उरल्याच्या कारखान्यांच्या अलीकडची एक नवी कॉलनी सुचवली होती. एरवी त्या बाजूचं नाव काढलं की मीच नाक मुरडायचे. पण अभनपूर रोडच्याच किमतीत इथे एक खोली जास्त मिळत होती, आणि गच्ची तर अशी ऐसपैस की आई तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. झाडं धुतल्यासारखी हिरवी होती, आभाळ स्वच्छ. रस्त्याच्या कडेला ट्रक झेंडूच्या माळा घालून उभे होते. मी धुराचं विचारलं, तर दलाल म्हणाला, "दीदी, हवा उधर जाती है. आप खुद देख लो." आम्ही बघितलं. खरंच कुठे धूर नव्हता.

दसऱ्याला कारखान्यांत यंत्रांची पूजा असते आणि बहुतेक कारखाने बंद असतात, हे रायपुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हालाही ठाऊक होतं. पण त्या गच्चीवर ते आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. पुन्हा एकदा साध्या दिवशी येऊन बघू, असं नवरा म्हणाला होता. आई म्हणाली, "आजचा दिवस सोडून काहून?" एक घर हातचं गेल्याची धास्ती मलाही होतीच. तिथेच दलालाच्या हातात बयाणा ठेवला, आईने त्याला आपट्याचं पान दिलं, आणि घर झालं. माझ्या नावाचं.

आई सामानासकट राहायला आली. पहिला महिनाभर मी इतकी खूश होते की कचेरीतून पळत सुटायचे. घरी आलं की चहा तयार असायचा, भाजीत आईच्या हाताची चव असायची, आणि माझ्या डब्यांच्या जागा तिने विचारल्याशिवाय बदललेल्या असायच्या. मी त्यावरून तणतणायचे आणि मनातून सुखावायचे.

थंडी पडली तशी काजळी दिसायला लागली. सकाळी गच्चीवर गेलं की तळपाय काळे. वाळत घातलेले कपडे काळपट. खिडकीच्या गजांवर, भांड्यांवर, देव्हाऱ्यातल्या फुलांवर तीच बारीक काळी भुकटी. आई दिवसातून तीनदा पुसायची. मी दलालाला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "हव दीदी, थोड़ा-बहुत तो आएगा ही."

तरी उन्हाळ्यात आईने हौसेने गहू भिजवले. चीक काढला, शिजवला, धुतलेल्या साडीवर कुरडया घातल्या आणि वरून पातळ धोतर पांघरलं. संध्याकाळी धोतर काढलं, तर कुरडयांवर राखाडी झाक आलेली. तिने एक तुकडा तोंडात टाकला. दातांखाली कचकच झाली, ती मला बाजूला उभं राहूनही ऐकू आली. नवरा तिला हसवायला म्हणाला, "तळल्यावर काही समजत नाही, आई." ती हसली नाही. सगळ्या कुरडया तिने गोळा केल्या आणि फेकून दिल्या.

त्यानंतर पुसापुशी तिने एकटीवरच घेतली. मी फडकं हातात घेतलं की माझ्या हातातून काढून घ्यायची. एकदा खिडकी पुसता पुसता म्हणाली, "त्या मास्तराच्या घरात मीच नाही गेली ना." मी म्हटलं, अगं, घर आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलं, एवढं काय मनाला लावून घेतेस. नवऱ्यानेही समजावलं. पण माझ्या प्रत्येक शिंकेला तिचा चेहरा उतरायचा. धूळ तिला सोसली असती. आपल्यामुळे लेक-जावई धुळीत पडले, हे तिला सोसेना. पावसाळा सरता सरता ती गावी निघाली. गावच्या घराला वाळवी लागली असेल, बघून येतो, म्हणाली. सामान मात्र सगळं बांधलं होतं.

घर विकायचं म्हटलं, तर या बाजूला गिऱ्हाईक मिळत नाही. हप्ते डोक्यावर असताना दुसरं घ्यायचं बळ नाही. अभनपूर रोडला आता आमच्यासारख्यांना परवडेल असं काही राहिलेलंही नाही. याची हळहळ मला रोज वाटते, आणि कोणावर चिडावं तेच कळत नाही.

आई येते अधूनमधून, चार दिवसांसाठी, एक पिशवी घेऊन. मागच्या खेपेला मी कचेरीतून आले, तर ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर नुसती बसलेली होती. मी चप्पल काढत होते.

"चहा मांडू का?" तिने मला विचारलं.

मी मांड म्हटलं. मग तिने साखर कुठे आहे, तेही विचारलं.