मिनेतूचा भाऊ लारोसी

लारोसी माझा शेजारी. स्पेनमधल्या विटोरियात आम्ही पश्चिम सहारातले सहरावी मोजकेच, त्यामुळे एकमेकांच्या घरात शिरताना दार वाजवत नाही. तो वृद्धाश्रमात स्पॅनिश म्हाताऱ्यांना अंघोळ घालतो. त्याचा जन्म आमच्या सहारातल्या व्हिला सिस्नेरोसचा, तिथे स्पेनचा झेंडा होता तेव्हाचा. शाळेत मास्तर म्हणायचे, "पोरांनो, तुम्ही स्पेनचेच." मग स्पेन निघून गेला, मोरोक्कोचं सैन्य आलं. थोरली बहीण मिनेतू त्याला कधी चालवत, कधी पाठीवर घेत अल्जीरियातल्या निर्वासितांच्या छावणीत पोचली. तिनेच त्याला वाढवलं.

इथे आल्यावर नागरिकत्वासाठी तो वर्षानुवर्षं कोर्टात भांडला. अखेर निकाल लागला: ती जमीन स्पेनच्या ताब्यात होती, पण ती स्पेन नव्हती. तिथे जन्मलेला माणूस जन्माने स्पॅनिश नव्हे.

त्या संध्याकाळी माझ्या घरी चहा ओतता ओतता आमच्यातलाच मुलूद म्हणाला, "लारोसी, मुळात तू जन्मलास का, ते तरी विचारायचंस जज्जाला!"

सगळे हसले. लारोसीही हसला, पण खाली ठेवलेला पेला त्याने पुन्हा उचलला नाही.

त्याची मुलगी गालिया मात्र इथेच जन्मली. तिला स्पेनने लहानपणीच आपली म्हटलं, पासपोर्ट दिला.

गेल्या हिवाळ्यात छावणीतून फोन आला. मिनेतू जेवत नाही, तुझंच नाव घेते. त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, "जाल खुशाल, पण पासपोर्ट नसताना परत आत घेतील असं मी सांगू शकत नाही." मिनेतूचं औषधपाणीसुद्धा त्याच्याच पगारावर चाललेलं.

"मी जाते, बाबा," गालिया म्हणाली.

ती परत आली तेव्हा मी लारोसीकडेच बसलो होतो. मिनेतू गेली होती.

"आत्याला शेवटी दिसत नव्हतं," गालिया म्हणाली. "सारखी विचारायची, लारोसी आला का?"

"मग तू काय सांगितलंस?" लारोसीने विचारलं.

"म्हटलं, आलेत. तंबूबाहेर हातपाय धुताहेत."

"मग?"

"मग दाराकडे तोंड करून पडून राहिली. शेवटपर्यंत."

लारोसी म्हणाला, "म्हणजे मी दारात आलो आणि आत गेलो नाही, असं समजून गेली ती."

गालिया रडू लागली. मी म्हटलं, "अरे, पोरीने चांगल्यासाठीच केलं ना?"

"तिला कुठे बोलतोय मी?" तो म्हणाला.

आता आमच्याकडे चहाला तो येत नाही. कामावर जातो, येतो. परवा वकीलबाईंनी फोन करून नागरिकत्वासाठी दुसरा मार्ग सुचवला, पुन्हा अर्ज करू म्हणाल्या.

"आता कशाला?" म्हणाला आणि फोन ठेवून दिला.